नानांनी नेलेली लुगडी

लग्नघरात किस्से घडतात असं लोक म्हणतात. असे लोक मयतीच्या घरी नीट बसलेले नसावेत. लग्नात सगळ्यांना घाई असते. मयतीला माणूस दहा-बारा दिवस सतरंजीवर रिकामा बसतो, समोर चहा येत राहतो, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलणं पहिल्याच दिवशी संपलेलं असतं. मग उरतात किस्से! माझ्या सासरवाडीत अशा सतरंज्यांवर मी इतक्या वेळा बसलो आहे की आता कुणी 'एखादा सांगा' म्हटलं तर कुठला सांगू असं होतं.

सासरवाडी रावेर तालुक्यातली. केळीचे मळे, थोडा कापूस. मी धुळ्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो. माझी पत्नी सुशीला ही तिथल्या नानांची थोरली मुलगी. धाकटी वत्सला, म्हणजे वच्छी, पारोळ्याला दिलेली. दोघींच्या वर प्रल्हादभाऊ. आणि सगळ्यांच्या वर नानांची थोरली बहीण, अक्का. पंचविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या, तेव्हापासून त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा.

या घराण्याचं एक वैशिष्ट्य आहे. इथे कॅन्सर होत नाही! माणसं जातात, पन्नाशीच्या आत जातात, पण कॅन्सर कुणालाच होत नाही.

नानांचे वडील 'पोटाने' गेले. नानांची आत्या 'गरमीने' गेली. धाकटे भाऊ भिकाआबा 'आवेने'. धाकटी बहीण चंद्रभागा 'अंगावर जाऊन'. भिकाआबांना मुंबईला नेलं होतं, तिथल्या दवाखान्याचा कागद अक्कांच्या ट्रंकेत होता. मी एकदा मागून घेऊन वाचला. आतड्याचा कॅन्सर, असं स्वच्छ लिहिलेलं.

"अक्का, यात तर कॅन्सर लिहिलंय."

"लिहितात," अक्का म्हणाल्या. "मुंबईचे डॉक्टर. त्याईले आपल्या घराण्याची काय माहिती?"

*

सुशीलाला त्रेचाळिसाव्या वर्षी पाळी दोन-दोन आठवडे चालू लागली, मधेच रक्तही दिसू लागलं. धुळ्यातल्या एका डॉक्टरांनी नाडी पाहिली, वय विचारलं आणि म्हणाले, "पाळी जायच्या आधी असं होतंच. लोहाचं टॉनिक द्या."

मी शिकलेला माणूस. वर्तमानपत्र रोज वाचतो. मी टॉनिकची बाटली आणली. ती संपली तेव्हा दुसरी आणली. अशा मी नऊ बाटल्या आणल्या. मुलांना पृथ्वीच्या पोटातले थर बिनचूक शिकवतो मी!

नऊ महिन्यांनी जळगावला एका सर्जनकडे गेलो. तरुण माणूस, मुंबईला शिकून नुकताच परत आलेला. त्याने क्युरेटिंग केलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि कागद हातात आल्यावर मला समोर बसवून सांगितलं की हा पिशवीच्या तोंडाचा नाही, गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर आहे आणि तो अस्तरात थांबलेला नाही.

मग त्याने विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?"

मी सांगितलं. त्याने कागदावर लिहून घेतलं.  रागावला असता तर बरं झालं असतं.

*

ऑपरेशननंतर सुशीला दवाखान्यात होती, तेव्हा माणसं भेटायला येत. येताना केळी आणत. तिला पाणी पचत नव्हतं आणि खाटेखाली चार घड!

अक्काही आल्या. त्यांनी कारण सोबतच आणलं होतं.

"मूलबाळ नई ना. पिशवी रिकामी राहिली की सडते."

आम्हाला मूल नाही, हे खरं. सुशीलाने डोळे उघडले. "मग चंद्रभागा आत्याला तर सात होती."

"तेच तं! सात बाळंतपणं. पिशवीले दम घ्यायची फुरसत नई."

"मग अक्का, नेमकी किती झाली म्हणजे पिशवी खूश राहते?"

अक्कांनी खरोखरच विचार केला. "चार," त्या म्हणाल्या.

अक्कांना स्वतःला मुलं चार.

*

जळगावच्या त्या तरुण डॉक्टरांना वेगळीच शंका होती. बायकांना पिशवीचा, पुरुषांना आतड्याचा, आणि सगळे ऐन वयात. ते म्हणाले, "मुंबईला अशी घराणी पाहिली आहेत मी. दोष एकच, रक्तातून येणारा. तो आतड्यात दिसतो, बायकांत आतड्यात किंवा पिशवीत. याची रक्ततपासणी अजून इथे नाही. वंशावळ हीच तपासणी. मला घराण्याची सगळी माणसं लिहून हवीत."

नाना खूश झाले. वंशावळ हा त्यांचा अभिमानाचा विषय. त्यांच्या घराण्याचा भाट आहे, तो दर दोन-चार वर्षांनी पोथी घेऊन येतो, नवे जन्म लिहितो, जुने वाचून दाखवतो आणि पोटभर जेवून जातो. नानांनी निरोप पाठवून त्याला बोलावलं आणि थेट जळगावला दवाखान्यात आणलं. डोक्याला फेटा, काखेत लाल कापडात बांधलेली हातभर लांब पोथी. बाहेर बसलेल्या पेशंटांना वाटलं, ऑपरेशनच्या आधी इथे कथा ठेवतात!

भाटाने टेबलावर पोथी सोडली आणि सूर लावला. अमक्याचा तमका, तमक्याचा ढमका. चौदा पिढ्या. डॉक्टर पेन्सिल घेऊन बसले होते. दहा मिनिटांनी त्यांनी हात वर केला.

"यात बायका कुठे आहेत?"

भाट चमकला. "बाया नाही लिहीत, साहेब."

"मुली?"

"मुली दुसऱ्याच्या घरी जातात. त्या कशाला लिहायच्या?"

"मग त्यांच्या सासरच्या पोथीत असतील?"

"तिथे कशा असतील? त्या तर बाहेरून आलेल्या!"

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे नाना, चौदा पिढ्या तुमच्या घराण्यात पुरुषांना पुरुष झाले. हा आजार राहू द्या, मला आधी त्यावरच पेपर लिहू द्या."

*

त्यावर भाट हसला, मी हसलो, नाना हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "बाया नई लिहिल्या तं नई लिहिल्या. लुगडे तं मीच नेले ना!"

डॉक्टरांना कळलं नाही, म्हणून मी सांगितलं. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. ते येईपर्यंत तिला उचलत नाहीत. हिरवं असतं. आणायचं बापाने किंवा भावाने. यांच्याकडे ते थैलीत घालून नेत नाहीत, आडव्या हातावर उघडं नेतात. सोबत खण नाही, खाऊ नाही. म्हणजे रस्त्यातल्या माणसाला विचारावं लागत नाही.

"आत्याचं मी बापासोबत नेलं," नाना म्हणाले. "मी बारा वर्षांचा. बैलगाडीत बसून नेलं. गर्द हिरवं, काठ लाल. आत्याच्या थोरल्या पोरीचं त्याच साली लग्न ठरलं व्हतं, म्हणजे आत्या असंन अडतीस-चाळीसची. रक्त जाऊ जाऊ पांढरी फटक पडली व्हती. चंद्रभागीचं मी एकट्यानं नेलं. शेवाळी रंग. शेहेचाळीसची व्हती. तिचंही तेच."

डॉक्टर भराभर लिहीत होते. चौदा पिढ्यांच्या पोथीत जे नव्हतं ते दोन लुगड्यांत निघालं! त्यांनी पुरुषांसाठी चौकोन काढले, बायकांसाठी वर्तुळं, आणि आजारी माणसं काळी केली. आत्याचं वर्तुळ काळं. वडिलांचा चौकोन काळा. भिकाआबा काळे, चंद्रभागा काळी. खाली सुशीलाचं वर्तुळ होतं, तेही काळं. तिच्याखाली रेघ नव्हती. वरचा घोळका आणि सुशीला यांच्यामध्ये एक चौकोन होता. तो त्यांनी अर्धाच काळा केला.

"हा कोण?" नानांनी विचारलं.

"तुम्ही. आजार तुम्हाला झालेला नाही, पण मुलीपर्यंत तो तुमच्यातूनच आला."

"बाईचा आजार बापाकडून कसा येईन?"

"येतो. हा येतो."

नानांनी त्या अर्ध्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. मग मला म्हणाले, "मी तं गावभर सांगतो मास्तर, की पोरीले लग्नात काही कमी दिलं नई."

*

डॉक्टरांनी मग प्रल्हादभाऊंना आणि वच्छीला बोलावून घेतलं. वच्छी आली नाही. मुलाची परीक्षा होती. भाऊ आले. भाऊ गावच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आकड्यांत पक्के.

डॉक्टरांनी सांगितलं, "दोष असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाला तो मिळायची शक्यता अर्धी."

भाऊंनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दाजी, सुटलो! दोन बहिणी. अर्धी शक्यता. दोनाचं अर्धं एक. ते सुशीवर गेलं. वच्छी मोकळी!"

मी त्यांना हाताला धरून परत आत नेलं. डॉक्टरांनी खिशातून रुपया काढला, उडवला. छापा पडला. "आता पुन्हा उडवला तर काटाच पडेल?"

"न्यायाने पडला पाहिजे," भाऊ म्हणाले.

"आणि तुमचं काय? तुम्हीही त्यांचेच ना?"

"मला पिशवीच नाही!"

"आतडं आहे ना? ते दुर्बिणीने तपासून घ्या."

"आतड्याची काळजी नको साहेब. मी रोज झोपताना इसबगोल घेतो."

आणि घरी जाऊन भाऊंनी वच्छीला पोस्टकार्ड टाकलं. सुवाच्य अक्षरात: 'हिशेबाप्रमाणे तुला काही होणार नाही. डॉक्टरांना भेटून खात्री केली आहे. काळजी नसावी.'

*

सुशीला त्या उन्हाळ्यात गेली. धुळ्याच्या घरी. निरोप गेला, आणि दुपारच्या गाडीने नाना आले. आडव्या हातावर लुगडं. शेवाळी हिरवं.

बाराव्या दिवशी आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. मी उगीच म्हणालो, "तिला पोपटी आवडायचं. शेवाळी रंग तिला कधीच आवडला नाही. चंद्रभागा आत्याच्या वेळीही म्हणाली होती."

"मले कोणी सांगितलं नई."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"अशा लुगड्याचा रंग कोणी इचारते का, मास्तर?"

खरं होतं. मीही नऊ महिने काही विचारलं नव्हतं. दोघांनी चहा घेतला.

*

दोन वर्षांनी कळलं की वच्छीचंही तसंच चालू आहे. तिच्याच शेजारणीकडून कळलं. वय एक्केचाळीस. चार महिने झाले होते. मी पहिल्या रविवारी पारोळ्याला गेलो.

आता पंचाईत अशी की मेहुणीशी पिशवीबद्दल बोलायचं कसं? खानदेशात मेहुण्याने मेहुणीची थट्टा केली तर चालते, तब्येत विचारली तर चालत नाही! मी ओसरीवर बसलो, ती आत चुलीपाशी. मध्ये भिंत. मी भिंतीला म्हणालो, "सुशीलाचं सुरुवातीला असंच झालं होतं."

भिंत म्हणाली, "दाजी, शेवभाजी तिखट चालते ना?"

तिचे यजमान साहेबराव बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. त्यांच्याकडे कपाशीच्या बोंडाला डाग दिसला की शेतकरी धावत येतो, आणि ते ओरडतात, "इतक्या उशिरा आलास? कीड आत गेली की औषधाचा काय उपयोग!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याच तोंडाने ते मला म्हणाले, "पेरणी होऊ द्या. दिवाळीनंतर बघू."

दुसऱ्या रविवारी मी कागदच घेऊन गेलो, चौकोन-वर्तुळांचा. समजावून सांगितलं की अस्तरातच सापडलं तर पिशवी काढली की माणूस जगतो, नऊ महिने गेले तर जगत नाही, आणि याची खात्री मी स्वतः करून घेतलेली आहे. वच्छीने ऐकून घेतलं. मग देव्हाऱ्यातून, कुंकवाच्या डबीखालून, एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं.

भाऊंचं! दोन वर्षं तिने ते देवाजवळ ठेवलं होतं.

"हे चुकीचं आहे, वच्छे."

"दाजी, तुम्ही भूगोल शिकवता. हिशेब भाऊचा."

तिसऱ्या रविवारी ती 'घरी नाही' असं आतून सांगण्यात आलं. मला मागच्या दाराने जाताना दिसली.

मी रावेरला जाऊन नानांना सगळं सांगितलं. भाऊंच्या कार्डाचंही. नानांनी भाऊंना एक शब्द विचारला नाही. मला एवढंच विचारलं, "तुम्ही येत्या रविवारी जाणार?"

"जाणार."

"जा."

*

चौथा रविवार. मी नेहमीच्या जागी, भिंतीसमोर. वच्छी आत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. साहेबराव दुकानात. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एकदम हंबरडा फुटला.

"ओ माय वं! वच्छीबाई गयी वं माय!"

मी उठून दारात आलो. एस.टी. स्टँडकडून नाना चालत येत होते. स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी. हातात थैली नाही, केळीचा घड नाही. आडव्या हातावर उघडं, नवंकोरं, हिरवं लुगडं. लेकीच्या गावात भर सकाळी बाप असा चालत आल्यावर कुणी काय समजायचं? बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या. एकीने पदर तोंडाला लावला, दुसरीने कपाळावर हात मारला. स्टँडपासून घरापर्यंत नानांच्या मागे वीस-पंचवीस माणसं झाली. त्यात दुकान तसंच उघडं टाकून आलेले साहेबरावही होते, पांढरेफटक. कुणीतरी त्यांना खांद्याला धरून चालवत आणत होतं!

गलका ऐकून वच्छी बाहेर आली. दोन्ही हात पिठाने भरलेले.

"काय झालं? कोण गेलं?"

पहिल्या बाईने तिच्याकडे पाहिलं आणि आणखी मोठ्याने किंचाळली.

नाना ओट्यापाशी थांबले. पायरी चढले नाहीत. लुगडं तिच्यासमोर धरलं.

"अजून कोणी नई," ते म्हणाले. "रंग पाहून घे. सुशीले इचारलं नव्हतं, चुकलं. तुले इचारतो."

एकीने तोंडाचा पदर काढला. साहेबरावांनी आपल्याला धरणाऱ्याचा हात झटकला.

वच्छी लुगड्याकडे पाहत होती. मग बापाकडे. लुगडं पोपटी होतं.

"नाना, वेड लागलं का तुम्हाला?"

"पुढच्या वेळी माझ्यानं येणं व्हईन का, सांगता येत नई. ऐंशीले टेकलो. म्हनून आताच आनलं. पसंत नसंन तं बदलून आनतो. दुकानदाराले सांगून ठेवलं हाये, बाई जित्ती हाये, बदलाव लागंन."

ती आत गेली. बायका एकमेकींकडे बघत उभ्या. हात धुतल्याचा आवाज आला. पाच मिनिटांनी वच्छी बाहेर आली ती चपला घालूनच. साहेबरावांना म्हणाली, "चुलीवर तवा आहे, उतरवा." मला म्हणाली, "दाजी, जळगावची गाडी किती वाजता?"

बापाशी बोलली नाही. पण जाताना त्यांच्या हातावरचं लुगडं घेऊन काखेत मारलं.

पुढच्याच आठवड्यात पिशवी काढली. तुकड्याचा कागद आला तेव्हा डॉक्टरांनी तो मला दोनदा वाचून दाखवला. होतं, पण अस्तरापुरतंच. डॉक्टरांनी तिला बजावलं, आतडं दर वर्षा-दोन वर्षांनी तपासायचं. मग कौतुकाने विचारलं, "वेळेत आलात. कुणी समजावलं तुम्हाला? यांनी?"

वच्छीने माझ्याकडे पाहिलं. "यांनी तीन रविवार समजावलं," ती म्हणाली. "शेवभाजी मात्र चांगली खाल्ली."

*

त्यानंतर चार वर्षांनी नाना गेले. पोटाने. सतरंजीवर सगळे म्हणाले, वयाने गेले, घराणं स्वच्छ आहे! प्रल्हादभाऊंनी मात्र कुणाला न सांगता जळगावची अपॉइंटमेंट घेतल्याचं मला कंपाउंडरकडून कळलं.

ते गेले त्या दिवशी त्यांना अंगणात ठेवलं होतं. पारोळ्याची गाडी यायची होती, म्हणून थांबले होते. वच्छी आली. तब्येत सुधारलेली, साहेबराव मागे. अंगावर कोरं करकरीत पोपटी लुगडं, घडीच्या खुणा अजून तशाच.

बायकांत कुजबुज सुरू झाली. अक्का नव्वदीच्या घरात होत्या, पण नजर शाबूत. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वच्छे, बाप मेला तुझा. आजच्या दिवशी हे असलं नेसून आली?"

वच्छीने नानांच्या पायांवर डोकं ठेवलं, उठली, पदर खोचला.

"अक्का," ती म्हणाली, "हे मरणाचंच आहे."